एका नटापायी गेलेली दुपार

आज गाडीच्या मागच्या चाकाचे बाकीचे सगळे नट सुटले, एक मात्र अर्धा फेरा सुटून जागच्या जागी गरगरायला लागला. आतला स्टडच (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, फिरत होता, कारण त्याला धरून ठेवणारे बारीक दाते झिजलेले. मग कितीही लांब पाना लावा, कितीही तेल सोडा, नटाबरोबर स्टडही फिरतो. शेवटी उरलेले नट पुन्हा आवळून चाक पक्कं केलं आणि छिन्नी-हातोड्याने नटाची एक बाजू फोडली. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या जोरात उडतात. गॅसची ज्योत मात्र लावू नये, शेजारी टायर आणि बेअरिंगचं ग्रीस असतं.

जुना स्टड मागे ठोकून काढला. नवा स्टड वॉशर आणि नटाने ओढून बसवला.

मला खरा राग आहे तो इम्पॅक्ट गनने (धक्के देत नट फिरवणाऱ्या यंत्राने) नट डोळे झाकून आवळण्याचा. आटे तिथेच खराब होतात! नट आधी हाताने फिरवावा, मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळावा. साधारण ८०-१०० किलोमीटरनंतर मी सगळे नट पुन्हा तपासणार आहे.