दुपारी अर्धा, संध्याकाळी पुरा

जावईबापूंच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसलं, तेव्हापासून ते मला चिडवतात, "बाबा, तुमच्या थर्मलचं आता म्युझियम करा." मी म्हणतो, करू ना. आधी तुमच्या सोसायटीची लिफ्ट संध्याकाळी साडेसातला कशावर चालते ते बघून या.

आमचं थर्मल म्हणजे चंद्रपूरचं, दुर्गापूरजवळचं कोळशावरचं वीज केंद्र. पहिला संच, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र यांची जोडणी, १९८३ चा. २१० मेगावॅटचे पहिले दोन संच भंगारात गेले, तरी आज सात संच मिळून २,९२० मेगावॅट होतात. सगळे पुऱ्या भारावर चालले तर दिवसाला सात कोटी युनिट वीज आणि त्यासाठी पन्नास हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. पाणी इरई धरणाचं. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी शेजारीच असल्यामुळे कोळशाचं भाडं कमी आणि वीज त्या मानानं स्वस्त. इथून निघालेली एक डीसी (एकदिश प्रवाहाची) लाइन साडेसातशे किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला जाते. क्षमता १,५०० मेगावॅट. म्हणजे राख चंद्रपूरला, उजेड मुंबईला. हे आमच्याकडे पानठेल्यावरचा माणूसही सांगतो आणि ते खोटं नाही. २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी निघाली, तिच्यात चंद्रपूर चौथं होतं.

मी ऑपरेशनला होतो. भारनियमनाच्या काळात काम एका अर्थानं सोपं होतं: संच पुऱ्या भारावर ठेवायचा, ट्रिप होऊ, म्हणजे अचानक बंद पडू, द्यायचा नाही. डेस्कवरचा फ्रिक्वेन्सी मीटर ५० च्या खालीच रेंगाळायचा. मागणी जास्त, वीज कमी, म्हणून सगळ्या ग्रिडचाच वेग मंदावलेला. एक पाचशे मेगावॅटचा संच बंद पडला की गावोगावचे फीडर बंद व्हायचे.

निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत चित्र पालटलं. सकाळी ऊन चढलं, सोलरची वीज ग्रिडमध्ये येऊ लागली की कळव्याहून लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुणी किती वीज बनवायची ते ठरवणाऱ्या राज्याच्या केंद्राचा, फोन: पाचशेचा खाली आणा. किती? २७५. म्हणजे ५५ टक्के. त्याखाली चालवायचा म्हणून हा बॉयलर बांधलेलाच नाही. कोळसा दळणारी एकेक कोल मिल बंद करत जायचं, बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची लेव्हल सांभाळायची आणि डोळे ज्वाळेवर नजर ठेवणाऱ्या फ्लेम स्कॅनरवर. कोळसा कमी झाला की भट्टीतली ज्वाळा फडफडते. मग ज्वाळेला आधार म्हणून तेल फवारणारी ऑइल गन टाका. ऑइल महाग, म्हणून वरून विचारणा वेगळी. पावसाळ्यात तर विचारूच नका. ओला कोळसा बंकरच्या तोंडाशी चिखलासारखा थिजतो आणि कंत्राटी पोरं घण घेऊन चूटला, म्हणजे कोळसा खाली सोडणाऱ्या नळकांड्याला, ठोकत उभी राहतात. बाहेर कितीही आधुनिक कंट्रोल सिस्टिम असो, त्या वेळी संच त्या घणांवर चालतो.

मग चारनंतर उलटा फोन. वर घ्या. मिनिटाला एक टक्का, म्हणजे पाच मेगावॅट धरले तरी २७५ वरून ५०० ला पोचायला पाऊण तास लागतो. सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. पूर्ण थंड पडलेला बॉयलर असेल तर दहा-बारा तास सहज जातात. म्हणून दुपारी बंद करून संध्याकाळी चालू करा, हा सल्ला आम्हाला कुणी देऊ नये.

५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले, तेव्हा मी शिफ्टला होतो. मागणी सुमारे ३१,००० मेगावॅटनं उतरली आणि लगेच परत चढली. ते सांभाळलं मुख्यतः जलविद्युतनं. ही चपळाई पाण्याकडे आहे, आमच्याकडे नाही, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. पण ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली. तेवढं पाणी आणायचं कुठून? आजही देशात तयार होणाऱ्या दर दहा युनिटांपैकी सात कोळशाची आहेत.

मला खरी काळजी धातूची वाटते. जाड भिंतीचा ड्रम, नळ्या जिथे एकत्र येतात तो हेडर, बॉयलरच्या नळ्या रोज तापवायच्या, रोज निववायच्या. तार वाकवून वाकवून तुटते, तसंच हे. नळी फुटली की संच दोन-तीन दिवस गेला. आता तर ४० टक्क्यांपर्यंत उतरायचे नियम आलेत. नव्या संचांना कदाचित जमेल. तिसरा आणि चौथा १९८५-८६ चे आहेत, त्यांच्याकडून ही कसरत करून घेणं मला पटत नाही. ते दोन बंद करा, मी पेढे वाटीन. चंद्रपूरच्या लोकांची छाती तेवढी तरी मोकळी होईल. पाचशेचे मात्र बॅटऱ्या आणि घाटघरसारखे पाणी वर चढवून गरजेला त्याची वीज करणारे प्रकल्प पुरेसे उभे राहीपर्यंत ठेवावे लागतील, आणि त्यांच्या दुरुस्तीला पैसा लागेल. सोलर स्वस्त झालं म्हणताना हा खर्च कुणाच्याच बिलात वेगळा दिसत नाही.