परसबागेला सातबारा कुठून आणायचा?

परसबागेची माती तपासून घ्यायची असेल तर जानेवारीतच हालचाल करा. मी संक्रांत झाल्या झाल्या नमुना काढला होता, तरी अहवाल हातात पडेपर्यंत होळी होऊन गेली. उन्हाळी भेंडी-गवार पेरायचे दिवस त्यात हातचे गेले. असं का झालं ते सविस्तर लिहिते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

आमचं घर माणदेशात, जुन्या वस्तीत. घरामागे जेमतेम पाव गुंठा जागा. काळी माती, बोअरचं पाणी. गुलाब, मोगरा, शेवंती, आणि उरलेल्या जागेत भाजीचे वाफे. थंडी सरता सरता करायची कामं दरवर्षी तीच: मेथी-पालकाचे वाफे मोकळे करून खणायचे, शेवंतीची वाळलेली झाडं बुडापाशी छाटून मुनवे (बुडातून फुटणारी पिल्लं) जपायचे, दोडका-काकडीची आळी करायची. ही सगळी कामं नीट चालू होती. गुलाबाची तक्रार मात्र दोन उन्हाळे सुटत नव्हती. नवी पालवी पिवळी यायची, शिरा तेवढ्या हिरव्या. जो तो म्हणायचा, नत्र कमी पडतंय, युरिया टाका. पण नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. इथं शेंड्याची होत होती. म्हणून ठरवलं, अंदाजाने काही टाकायचं नाही, माती तपासायची.

नमुना काढणं सोपं आहे. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, आतली माती फेकून द्यायची, आणि खड्ड्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची. अशी पाच-सहा ठिकाणची माती घमेल्यात एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले मिसळून पुन्हा तेच. अर्धा किलो उरली की सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची. सूक्ष्म अन्नद्रव्यं (लोह, जस्त अशी थोडीच लागणारी) तपासायची असतील तर लोखंडी खुरपं आणि घमेलं वापरू नका. लाकडी पट्टी आणि प्लास्टिकचं टोपलं घ्या, नाहीतर लोखंडाचा अंश नमुन्यात उतरतो.

आता अर्जाकडे येते. प्रयोगशाळेचं नाव लिहीत नाही. अर्जात शेतकऱ्याचं नाव, गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बागायत की जिरायत, मागचं पीक, पुढचं पीक. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज पाहिला आणि परत सरकवला.

“मॅडम, सातबारा जोडा.”

“अहो, घरामागची बाग आहे. गावठाणातल्या घराला सातबारा कुठून येणार?”

“मग नाही घेता येत. गट नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही.”

मी घरी येऊन मालमत्ता पत्रकाची प्रत घेऊन गेले. त्यावर सिटी सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, नाव आहे. तर म्हणाले, हे शेतजमिनीचं नाही. माती तर जमिनीचीच आहे ना! पुढच्या वेळी ते रजेवर, त्या टेबलाचं काम दुसऱ्या कुणाकडे नाही. त्याच्या पुढच्या वेळी सल्ला मिळाला, “कुणा नातेवाइकाच्या गटावर टाका की नमुना.” हे मला अजिबात पटलं नाही. माझ्या बागेच्या मातीचा निकाल दुसऱ्याच्या रानाच्या नावावर कसा नोंदवायचा? त्याच्या जमिनीची नोंद चुकणार, आणि उद्या तो त्या कागदावर विसंबून खत टाकणार. मी स्पष्ट नाही म्हटलं, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली. त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासून मिळतात: सामू (म्हणजे पीएच; सातच्या खाली माती आंबट, वर अल्क), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारा), नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगेनीज), बोरॉन. चांगलीच योजना आहे. ती शेतीसाठी आहे, हेही मान्य. पण घरची भाजी पिकवणारी बाई आली तर तिला काय सांगायचं, हे त्या खिडकीवर कुणीच ठरवलेलं नव्हतं. “नाही” म्हणणं सोपं, म्हणून “नाही”. सगळ्यात चीड याची येते की वाट होती आणि ती कुणी सांगितली नाही.

ती सांगितली आतल्या एका सहायकाने. मी पिशवी हातात धरून व्हरांड्यात उभी होते. तो नमुने चाळत होता, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. म्हणाला, “ताई, योजनेत नका टाकू. पैसे भरून खासगी नमुना द्या. त्याची नोंद वेगळ्या वहीत होते, त्याला सातबारा लागत नाही.” मी पुन्हा खिडकीवर गेले, शुल्क भरलं, पावती घेतली. गट नंबरच्या रकान्यात सिटी सर्व्हे नंबर लिहिला आणि क्षेत्राच्या रकान्यात चौरस मीटर. तेच गृहस्थ, तोच अर्ज, आणि या वेळी शिक्का बसला.

त्यानंतर सूक्ष्म अन्नद्रव्यांचं यंत्र बंद होतं म्हणून आणखी थांबावं लागलं. तुम्हाला घाई असेल तर सामू, क्षारता, कर्ब यांचे आकडे तेवढे आधी मागा, ते लवकर तयार असतात.

अहवाल आला तेव्हा रागापेक्षा सुटल्यासारखं जास्त वाटलं. सामू 8.3, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के, मुक्त चुना 12 टक्के, लोह 2.9 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). लोह साडेचारच्या खाली असलं की कमी धरतात. म्हणजे गुलाबाचं दुखणं नत्राचं नव्हतंच. चुनखडीच्या मातीत लोह असलं तरी ते मुळांना घेता येत नाही. युरियाची पोती ओतली असती तरी तो शेंडा हिरवा झाला नसता.

उपाय म्हणून हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोह देणारं खत) शेणखतात मिसळून आठ-दहा दिवस मुरवली आणि आळ्यात दिली. शिवाय लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि 1 ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारलं. द्रावण ताजंच वापरा, ठेवून तांबूस झालेलं काही कामाचं नाही. पाडव्यापर्यंत नवी पानं गडद यायला लागली.

एक कळकळीने सांगते. आमच्यासारख्या चुनखडीच्या मातीत चुलीची राख आणि अंड्याची टरफलं घालू नका. कोकणातल्या जांभ्या, आंबट मातीला राख मानवेल, इथं ती सामू आणखी वर नेते. बागेचे सल्ले सगळीकडे फिरत असतात, पण ते कुठल्या मातीचे हे कुणी सांगत नाही. चुनखडी आहे का, एवढं घरीही कळतं. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका आणि कान जवळ न्या. आमच्या मातीला बारीक बुडबुडे येऊन ती चरचरली.

अहवालातली शिफारस हेक्टरी किलोत असते, त्याने गोंधळू नका. हेक्टरला 100 किलो म्हणजे चौरस मीटरला 10 ग्रॅम. भेंडीला 100 किलो नत्र असेल तर ते युरियातून देताना चौरस मीटरला साधारण 22 ग्रॅम युरिया, तोही एकदम न देता दोन-तीन वेळा विभागून. पुढच्या पिकाच्या रकान्यात म्हणूनच जे लावणार तेच लिहा. मी भेंडी लिहिली होती. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईंच्या कुंड्यांच्या मातीला रकाना रिकामा होता म्हणून ज्वारीची शिफारस मिळाली.

कर्ब वाढवायला फाल्गुनातली पानगळ सोन्यासारखी आहे. कडुनिंब, पिंपळ, जे गळेल ते गोळा करा. होळीत टाकू देऊ नका. वाफ्यावर चार बोटं थर दिला की काळी माती भेगाळत नाही आणि पाणीही कमी लागतं.

राहिलंच: खत घातल्यावर लगेच नमुना काढू नका, तीन महिने जाऊ द्या. शेणखताच्या ढिगाजवळची आणि झाडाच्या बुंध्याखालची माती घेऊ नका. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण अहवाल मागायला गेलात की ते आधी पावती क्रमांकच विचारतात. आणि खिडकीवर गेल्या गेल्या “खासगी नमुना, शुल्क भरून” एवढंच म्हणा, बागेचं नाव नंतर काढा.