गुडघे धरलेल्या आईसोबत सज्जनगड

आईला सज्जनगडावर जायचंच होतं आणि तिचे गुडघे काही ऐकत नव्हते. डॉक्टर म्हणाले, ‘दमानं चढू द्या, उतरताना मात्र जपा.’ दासनवमीची, म्हणजे समर्थ रामदासांच्या पुण्यतिथीची गर्दी ओसरल्यावर एका साध्या वारी साताऱ्याहून सकाळची एसटी धरली. बोगदा ओलांडला की रस्ता वळणावळणानं वर जातो. गाडी डोंगराच्या बऱ्याच वरपर्यंत जाते, म्हणून तर हा बेत जमला.

पुढं दगडी पायऱ्या. तिचा उजवा गुडघा जास्त दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एवढं घोकून घेतलं होतं. छत्रपती शिवाजी महाराज महाद्वाराच्या सावलीत ती टेकली, पाणी प्यायली. मागून आलेली शाळेची पोरं धडाधड पुढं गेली. ‘जाऊ दे त्यांना, आपल्याला कुणी हाकलत नाही,’ असं म्हणून ती समर्थ महाद्वारापर्यंत एका दमात आली.

रामरायाचं दर्शन निवांत झालं. समर्थांनी 1682 साली देह ठेवला. समाधी राममंदिराच्या खाली तळघरात आहे. ‘वरूनच हात जोड,’ मी म्हटलं. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरली.

शेजघरात समर्थांची कुबडी, आत गुप्ती असलेली, सगळे बघतात. आई अडकली पाण्याच्या हंड्यांपाशी. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी उरमोडी नदीचं पाणी गडावर आणत, असं परंपरा सांगते. ती हंड्यांच्या पोटाकडं बघत राहिली. घागर भरून आणलेल्या बाईची नजर वेगळीच असते.

दुपारी महाप्रसाद. मांडी घालणं शक्य नव्हतं. वाढणाऱ्या दादांना सांगितलं, त्यांनी लगेच बसायला सोय करून दिली. गव्हाची खीर तिनं दोनदा मागून घेतली, जी घरी गोड नको म्हणते!

जेवणानंतर धाब्याच्या मारुतीकडं निघालो. माथा सपाट, त्यामुळे हे चालणं सोपं. वारा मात्र पदर धरू देत नाही. कड्यापाशी खाली उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसलं, डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं.

‘एवढ्या खालून आणायचे?’

‘तेव्हा धरण कुठं होतं? नदीच होती. म्हणजे पाणी आणखी खाली.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आणि मी मेली रिकाम्या हातानं चढून कौतुक सांगतेय.’

उतरणं खरंच जड गेलं. मी एक पायरी खाली, तिचा हात माझ्या खांद्यावर, कठीण ठिकाणी एका कुशीला वळून पाऊल. चढायला लागला त्याहून जास्त वेळ लागला; परतीच्या एसटीला तेवढी सवड ठेवूनच निघावं. गाडीत बसल्यावर तिनं गुडघ्यावर मलम चोळलं आणि कंडक्टरना विचारलं, ‘दादा, चाफळला गाडी कुठून मिळते?’