मस्कीचा तिसरा हंगाम: मोठ्या आमिषांसाठी रॉड आणि रील

अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनेटोंका तळ्याच्या कडेने बर्फाचा पापुद्रा धरला आणि मस्की मासा गळाने धरण्याचा माझा तिसरा हंगाम संपला. जून ते नोव्हेंबर मिळून एकोणीस दिवस पाण्यावर होतो. नऊ वेळा मासा आमिषामागून होडीपर्यंत आला आणि तीन जाळीत आले. सर्वांत मोठी मस्की ४७ इंचांची, म्हणजे ११९ सेंटिमीटर. तिन्ही परत सोडल्या. मिनेसोटात बहुतेक तळ्यांवर ५४ इंचांच्या आतली मस्की ठेवताच येत नाही, पण त्याहून मोठी लागली तरी मी ती सोडेनच. आधीच्या दोन हंगामांत मिळून एकच मासा होता. तळी तीच, होडी तीच, माणूसही तोच. बदलले ते रॉड (गळाची काठी) आणि रील (दोरी गुंडाळायचं यंत्र), म्हणून ही नोंद त्यांच्याबद्दल.

देशातल्या मंडळींसाठी थोडक्यात: मस्की हा पाइकच्या कुळातला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो मोठं भक्ष्य धरतो, म्हणून आमिषंही मोठी लागतात. मोठ्या फिरत्या पात्यांचा, केसांच्या झुपक्याचा बकटेल, नऊ ते बारा इंची रबरी बुल डॉग, झटके देत ओढायचा लाकडी जर्कबेट. बकटेल साधारण ७५ ग्रॅमचा, मॅग्नम बुल डॉग सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्याचाच मोठा भाऊ पाउंडर नावाप्रमाणे एक पाउंड, म्हणजे अर्ध्या किलोच्या जवळ. हे दिवसभर फेकत राहायचं. सप्टेंबरात एक दिवस खिशात मोजणी-यंत्र ठेवून मोजलं: सहा तासांत ३४१ फेकी.

पहिल्या हंगामात मी बास नावाच्या लहान माशासाठीचं छोटं, चपटं रील आणि आठ फुटी रॉड घेऊन सुरुवात केली होती. रॉडवर आमिषाच्या वजनाची मर्यादा लिहिलेली होती २ ते ६ औंस, म्हणजे ५७ ते १७० ग्रॅम, आणि मी तिकडे लक्षच दिलं नाही. रील तर त्याहून लहान कामासाठी बनवलेलं. ऑक्टोबरात मासा लागला, मी जोरात हिसका दिला आणि रीलची मूठ उलटी फिरली. मूठ मागे जाऊ नये म्हणून आत जी बेअरिंग असते ती घसरली होती. मुठीचा दांडा बोटांच्या पेरांवर आपटला, दोरीला ढील पडली आणि मासा गेला. पाण्यावर त्याची रुंद पाठ एकदा दिसली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. कंपनीचं नाव घेत नाही. ते रील या कामासाठी नव्हतंच.

यंदा उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आधी आमिषं टेबलावर मांडली, वजनं केली, प्रत्येक पाण्यात कसं ओढायचं आणि किती ओढतं ते लिहून काढलं. मग रील, आणि शेवटी रॉड.

रीलच्या डब्यावर ५.३:१, ७.६:१ असे गुणोत्तराचे आकडे असतात. मुठीच्या एका फेरीत स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) किती वेळा फिरतो ते त्यातून कळतं. पण मला खरा उपयोगी आकडा वाटतो तो एका फेरीत किती दोरी आत येते हा, कारण त्यात स्पूलचा व्यासही धरला जातो. तो घरीच मोजला. दोरीवर मार्करने खूण केली, मूठ बरोबर एक फेरी फिरवली, पुन्हा खूण केली आणि टेप लावली. माझ्या जुन्या धाटणीच्या गोल ॲम्बॅसडर ६५०० रीलवर, ५.३:१ ला, ६६ सेंटिमीटर. शिमानो ट्रॅन्क्स ४०० या वेगवान रीलच्या ७.६:१ वाल्यावर १०५. मग अंगणात तीस मीटर दोरी सोडून पुन्हा मोजलं तर दोन्ही आकडे उतरले, कारण दोरी बाहेर गेली की स्पूलवरचा वेढा लहान होतो. लांब फेक टाकली की सुरुवातीला आमिष वाटतं त्यापेक्षा हळू येतं, त्याचं कारण हेच.

आता हाताचा हिशेब. मूठ सारख्याच लांबीची असेल तर एका फेरीत दीडपटीहून जास्त दोरी ओढणाऱ्या रीलला जोरही दीडपटीहून जास्तच लागतो. दहा नंबरच्या, म्हणजे मोठ्या मापाच्या, दोन पात्यांचा बकटेल पाण्यात असा ओढतो की बादली ओढतोय असं वाटावं. तो मी वेगवान रीलवर दोन दिवस चालवून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी कोपर दुखत होतं. ६५०० वर पंचवीस मीटरच्या फेकीला साधारण अडतीस फेऱ्या होतात. ३४१ फेकींना गुणा, तेरा हजारांच्या घरात जातं. तरीही संध्याकाळी हात हलका होता. तेव्हा मोठी पाती आणि खोल जाणारी क्रँकबेट आमिषं यांना कमी गुणोत्तराचं रील आणि लांब मूठ, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

रबरी आमिषांना मात्र उलटं. बुल डॉग ओढायचा, थांबायचं, तो डोकं खाली घालून बुडतो, पुन्हा ओढायचं. प्रत्येक थांब्याला ढील पडते आणि मासा नेमका त्याच क्षणी घेतो. वेगवान रीलने ती ढील अर्ध्या फेरीत भरून निघते. देवगडच्या खाडीत आजोबा नुसत्या बोटावर दोरी धरून गरवायचे आणि म्हणायचे, "दोरी सैल पडली की मासा गेला." ते वाक्य मला इथे दर थांब्याला आठवतं.

रॉडसाठी एक घरगुती चाचणी केली. तूरडाळ २२७ ग्रॅम मोजून कापडात बांधली, ती पुरचुंडी दोरीच्या टोकाला लावली आणि रॉड आडवा धरून उचलून पाहिला. जुना रॉड टोकापासून दोरी ओवायच्या तिसऱ्या कडीपर्यंत खाली वाकला. फेकताना झटका द्यायला त्यात काही उरतच नव्हतं. पार्क फॉल्स, विस्कॉन्सिनच्या सेंट क्रॉयचा साडेआठ फुटी, ३ ते ८ औंसवाला रॉड फक्त टोकाशी झुकला आणि खालचा भाग ताठ राहिला. दुकानात रॉड हातात घेऊन हवेत हलवून काही समजत नाही, वजन लावून पाहा. रॉडची मूठ काखेत कुठे येते तेही पाहा. माझी उंची साडेपाच फूट, नऊ फुटी रॉडची लांब मूठ बरगडीला लागते.

लांबी हवी ती फक्त दूर फेकण्यासाठी नाही. मस्की होडीपर्यंत मागे येते आणि तिथे रॉडचं टोक पाण्यात बुडवून आमिषाने इंग्रजी आठचा आकडा काढत राहावं लागतं. वळण रुंद असेल तरच मोठ्या माशाला वळता येतं. आठ फुटी रॉडने माझी वळणं आखूड पडत होती, मासा तोंड फिरवून खाली जायचा. ती ४७ इंची दुसऱ्या आकड्याच्या बाहेरच्या वळणावर लागली. दोरी बाहेर जेमतेम हातभर. अशा वेळी सगळा धक्का रॉडच घेतो, म्हणून सर्वांत कडक रॉडच घ्यायचा हा सल्ला मला पटत नाही. टोकाला थोडी लवचीकता हवीच, नाहीतर गळ तोंड फाडून सुटतो.

दोरी ब्रेड, म्हणजे विणलेली, ८० पाउंडांचा ताण झेलणारी. ५० पाउंडीवर लांब जाते, पण पातळ दोरी स्वतःच्याच वेढ्यांत रुतते, आणि जड आमिष फेकताना गुंता झाला की तुटून आमिष तळ्यात जातं. एक बुल डॉग असाच घालवला. पुढे आमिषाशी १३० पाउंडी फ्लुरोकार्बन लीडर (जाड दोरीचा तुकडा), जर्कबेटला तार.

आणि जाळी, लांब पक्कड, गळ कापायची कातर हे रॉडच्या आधी घ्या. जुलैत पाणी ८० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअसच्या वर गेलं तेव्हा मी दोन आठवडे रॉड बाहेरच काढले नाहीत. गरम पाण्यात दमलेली मस्की पोहत गेलेली दिसली तरी नंतर मरू शकते.

कोकणातल्या दोघा-तिघांनी विचारलं की हाच रॉड जिताड्याला चालेल का. नाही चालणार. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आमिषाला हा वाकतच नाही, फेक दहा-पंधरा मीटरवर पडेल.

सध्या ६५०० उघडून तळघरातल्या टेबलावर आहे. बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब, दातेरी चाकांना ग्रीस. पाउंडरसाठी वेगळा रॉड घ्यायचा की तो नादच सोडायचा हे ठरलेलं नाही. नोव्हेंबरात तो उधारीच्या रॉडवर चाळीस वेळा फेकला आणि उजवा खांदा आठवडाभर भरून आला होता. तुमच्यापैकी कोणी तो दिवसभर फेकत असेल, तर कुठल्या रॉडवर आणि कसा, ते जरूर लिहा.