“पेशंट कुठंय?” – जुने केस पेपर मिळवतानाचा माझा अनुभव

मला बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार होणारा मानसिक आजार) आहे, बरीच वर्षं झाली. यंदा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायचं ठरवलं. ऑनलाइन फॉर्म अर्ध्या तासात झाला, त्याचं काही विशेष नाही. अडलं ते जुन्या कागदांवर. २०१४ ला ज्या हॉस्पिटलात ॲडमिट होते तिथल्या केस पेपरची कॉपी हवी होती, माझं डिस्चार्ज कार्ड घर बदलताना कुठे गेलं देव जाणे.

रेकॉर्डच्या खिडकीवर क्लार्क एकदम गोड. “बसा ताई, पेशंटचं नाव सांगा.” सांगितलं. रजिस्टर चाळता चाळता म्हणतो, “पेशंट नाही आणला का?” म्हटलं, मीच. तर हा माणूस मान वाकडी करून माझ्या मागे बघतो, खरंच, कुणी उभं आहे का ते! आणि तिथून “तुम्ही”चं “तू” झालं. “सोबत कोण आलंय? घरचं माणूस घेऊन ये, तुला असं नाही देता येत.” दोन मिनिटांपूर्वी मी ताई होते.

भाऊ नाशिकला, त्याला सुट्टी नाही. परत गेले तर म्हणे पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून आण. तोही आणला (मूर्खपणा), तर साहेब रजेवर. ओरडावंसं वाटत होतं पण ओरडले नाही, कारण दुसरं कुणी चिडलं तर ते चिडलेलं असतं, आम्ही चिडलो की ते लक्षण होतं. घरी येऊन रडले.

शनिवारी आमच्या सपोर्ट ग्रुपमध्ये हे सांगितलं तर एक काका हसायलाच लागले. ते स्वतः तीनदा ॲडमिट होऊन आलेले. “अगं खिडकीवर कशाला मागतेस, अर्ज आवक-जावकला द्यायचा!” २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५, आपलं रेकॉर्ड मागायचा हक्क पेशंटचा स्वतःचा आहे. साध्या कागदावर चार ओळी, कलम लिहायचं, दोन प्रती, एकीवर पोच घ्यायचीच. नियमात पंधरा दिवसांची मुदत आहे. काका सोबत आले, बोलले काहीच नाहीत, बाकावर शेंगदाणे खात बसले. पण मागे कुणी बसलंय म्हणून माझा आवाज कापला नाही. बाराव्या दिवशी फोन आला, अठ्ठावीस पानं.

हो, एक राहिलं, कार्डासाठी अपंगत्व किती ते तपासतात, त्या असेसमेंटला टापटीप जाऊन “मी आता छान आहे” म्हणू नका. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम असं चार बाजूंनी बघतात, तेव्हा वाईट दिवस कसे जातात ते सांगा. मी पहिल्यांदा अभिमानाने उलटं बोलणार होते, काकांनीच अडवलं.

आणि त्याच कायद्याच्या कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीही (उपचारांच्या निर्णयात आपल्याला साथ देणारा माणूस) साध्या कागदावर, सही करून नेमता येतो, नातेवाईकच हवा असं नाही, फक्त त्या माणसाची लेखी संमती लागते. मी काकांना नेमलंय. याच कायद्यात पेशंटच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाच्या सहापैकी दोन जागा पेशंट, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्था यांच्यासाठी आहेत. मंडळात बसायला आम्ही चालतो, खिडकीवर चालत नाही.

कागद घ्यायला गेले तेव्हा क्लार्क तोच. रजिस्टर सरकवून म्हणाला, “पेशंटची सही इथे.” केली. स्टॅम्प पेपर अजून कपाटात कोराच पडलाय, माझ्या नावाचा आहे त्यामुळे कुणाला देताही येत नाही.