अडत दुकानातलं मशिन रेडवर

मार्च-एप्रिलात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे भरात असतात. अशा वेळी अडत दुकानातला संगणक बंद पडला की शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, अडकल्याच. म्हणून काम रविवारी धरलं. टॅलीच्या, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, मशिनमधली १ टीबीची डिस्क जायच्या वाटेवर होती. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच करते त्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये पेंडिंग सेक्टरचा (नीट वाचता न येणाऱ्या जागांचा) आकडा वाढत चालला होता. शेठनी तेवढ्याच दोन नव्या डिस्क आणल्या होत्या. त्यांची रेड १ करायची, म्हणजे एकच डेटा दोन्हींवर एकसारखा लिहिणारी जोडी, आणि विंडोज १० सकट सगळं आहे तसं तिच्यावर न्यायचं. नव्यानं विंडोज टाकायचं नाही, ही दिवाणजी अण्णांची अट. "प्रिंटरचं सेटिंग हललं की माझी पट्टी वाकडी येते."

टॅलीचा डेटा आधी बाहेरच्या डिस्कवर घेतला. मरायला टेकलेल्या डिस्कचं काही सांगता येत नाही.

क्लोनिंग, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, हे नुसतं बसून राहायचं काम. डोकं लागतं ते त्याच्या आधी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये, साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) नेहमीच्या एएचसीआयवरून थेट रेडवर टाकला, तर बहुतेक वेळा विंडोज उठतच नाही. निळा स्क्रीन येतो, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. रेडचा ड्रायव्हर आत असतो, पण सुरुवातीलाच लोड व्हायच्या यादीत नसतो. त्यामुळे तयारी जुन्या डिस्कवरच केली: बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडनं सेफ मोड (मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज) लावला, बायोसमध्ये रेड केलं, एकदा सेफ मोडमध्ये उठू दिलं आणि मग तो सेफ मोड काढला. अण्णांना यातलं काहीच दिसलं नाही, त्यांना वाटलं मी नुसताच बंद-चालू करतोय.

रेड बांधताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. तिन्ही जोडलेल्या असल्या की यादीत सारख्याच दिसतात, फरक फक्त सिरियल नंबरचा, आणि खाली प्रश्न येतो की निवडलेल्या डिस्कवरचा डेटा जाईल, चालेल का? तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

मग जुनी डिस्क परत जोडली, तर क्लोनिंगचं सॉफ्टवेअर अडलं: जागा कमी. १ टीबीवरून १ टीबीवर जाताना जागा कमी कशी? रेड आपली माहिती प्रत्येक डिस्कच्या शेवटी लिहिते, म्हणून तयार व्हॉल्यूम (जोडी मिळून दिसणारी एक डिस्क) मूळ डिस्कपेक्षा काही एमबीनं लहान भरतो. जुन्या डिस्कवरचा शेवटचा विभाग डी ड्राइव्ह होता. तो एक जीबीनं आखडला आणि गाडी पुढे सरकली.

क्लोन झाल्यावर जुनी डिस्क पुन्हा सोडवली. जुनी डिस्क आणि रेड, दोघींची सिग्नेचर (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) एकच असते, एकत्र जोडून विंडोज चालू केलं तर ते एकीला ऑफलाइन टाकतं. एकट्या रेडवर मशिन उठलं. अण्णांनी सगळ्यात आधी पट्टी छापली, हमाली-तोलाईचे रकाने फूटपट्टी लावून तपासले आणि मान डोलावली.

शेठसमोर मशिन बंद करून एका नव्या डिस्कची केबल उपसली. चालू केल्यावर 'डिग्रेडेड', म्हणजे जोडीतली एक डिस्क नाही, असं आलं, पण टॅली उघडलं. शेठ खूश. "म्हणजे आता रोजच्या बॅकअपची कटकट संपली म्हणा!"

केबल परत लावली, रिबिल्ड (दोन्ही डिस्क पुन्हा सारख्या करणं) संध्याकाळपर्यंत चाललं. मग मी टॅलीत एक खोटी कंपनी उघडली आणि शेठच्या देखत डिलीट केली. "आता दुसऱ्या डिस्कवरून काढून द्या," शेठ म्हणाले.

"तिच्यावरूनही गेली, शेठ. इकडे पुसलं की तिकडेही पुसतं."

त्यावरच रोजच्या बॅकअपसाठी आणखी एक डिस्क लागेल, हे मी सांगून घेतलं.

"तिसरी? ती तुमच्या बिलातून वजा करतो," शेठ म्हणाले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ती खर्चात लिहूनही टाकली होती.