तीनदा तोंडातून, एकदा पोटातून

आमच्या घरात "दुर्बिणीतून केलं" म्हटलं की विषय संपतो. मावशींचा गुडघा दुर्बिणीतून, शेजारच्या काकांचा मुतखडा दुर्बिणीतून, सगळं एकच. त्यामुळे डॉक्टर जेव्हा मला म्हणाले की आधी एंडोस्कोपीने (तोंडातून) पित्ताच्या नळीतला खडा काढू आणि मग दोन दिवसांनी लॅप्रोस्कोपीने (पोटावर भोकं पाडून) पित्ताची पिशवी काढू, तेव्हा घरच्यांचा आणि खरं सांगायचं तर माझाही पहिला प्रश्न हाच, की दोन्ही दुर्बिणीच ना, मग एकदाच का नाही उरकत?

पण सुरुवात झाली गौरी जेवल्या त्या दिवशी. पुरणपोळी, वर तूप, कटाची आमटी, भजी, आणि रात्री साडेअकराला उजव्या बरगडीखाली जे काय दुखायला लागलं ते सरळ पाठीत, खांद्याच्या पात्यापर्यंत. अडीच तास. पहाटे आपोआप थांबलं म्हणून सगळे म्हणाले ॲसिडिटी. फॅमिली डॉक्टरही ॲसिडिटीच म्हणाले, रोज उपाशीपोटी एक गोळी. मग दिवाळीच्या फराळानंतर परत तेच. तेव्हा एका ठिकाणी एंडोस्कोपी केली (ही पहिली दुर्बीण), जठराला थोडी सूज आहे म्हणाले, गोळी बदलून दिली. सोनोग्राफी करायला कोणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. तोंडातून घातलेल्या दुर्बिणीला जठर आतून दिसतं, बाहेर लिव्हरखाली लटकलेली पिशवी दिसत नाही, हे मला आज कळतंय. याचा राग अजून गेलेला नाही.

डिसेंबरात लघवी कडक चहासारखी व्हायला लागली, अंगाला खाज, आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणाली अगं डोळे बघ आरशात. पिवळे. सासूबाईंनी लगेच कावीळ उतरवणाऱ्या बाईंचं नाव काढलं, माळ घालतात, ती लांब होत जाते वगैरे. मी नाही म्हटलं नाही, फक्त आधी ब्लड टेस्ट करते म्हटलं. बिलीरुबिन ६.८. साधारण १.२ च्या आत हवं. सिंहगड रोडवरच सोनोग्राफी केली, पिशवीत भरपूर खडे आणि पित्ताची नळी फुगलेली. मग एमआरसीपी, म्हणजे एमआरआयच पण पित्ताच्या नळ्यांचा, त्यात नळीच्या खालच्या टोकाला ८ मिमीचा खडा अडकलेला. म्हणजे लिव्हरला काही झालेलं नव्हतं, बाहेर पडायची वाटच बंद, त्यामुळे पित्त रक्तात. यावर माळ काय करणार.

दोन दुर्बिणींचं कोडं गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सोडवलं. पित्ताची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीला उघडते, तिथपर्यंत तोंडातून जाता येतं, त्याला ईआरसीपी म्हणतात. त्या दुर्बिणीचा कॅमेरा पुढे नाही, बाजूला बघतो, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत असतं. पण पिशवी तोंडातून निघत नाही, तिला पोटावर भोकं पाडूनच काढावं लागतं, आणि ते काम सर्जनचं. काही वेळा सर्जन पोटातूनच नळीतला खडाही काढतात, पण मला कावीळ होती म्हणून आधी वाट मोकळी करायची ठरली. आणि नुसता नळीतला खडा काढून पिशवी ठेवली तर उद्या दुसरा घसरणार.

ईआरसीपीचं मला आठवतं ते एवढंच की घशात कडू स्प्रे, दातात प्लास्टिकची रिंग, पालथं झोपवलं, डोक्यावर एक्स-रेचं मशीन, आणि झोपेचं इंजेक्शन. नळीचं तोंड थोडं कापून फुग्याने खडा ओढून काढला आणि आत प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, ठेवला. यात स्वादुपिंडाला सूज येऊ शकते हे आधी सांगून सही घेतली होती, ती येऊ नये म्हणून गुदद्वारात एक गोळी ठेवतात, तेही सांगितलं. मला आली नाही. घसा दोन दिवस खवखवला.

खरा ताप कॅशलेसचा. विमा कंपनीकडे मंजुरी फक्त ईआरसीपीची गेलेली, दुसऱ्या ऑपरेशनसाठी वाढीव मंजुरी मागितली तर तिकडून प्रश्न, एकाच आजाराला दोन प्रोसिजर कशाला? म्हणजे आमच्या सासूबाई आणि विमा कंपनी एकाच मताच्या! डॉक्टरांचं पत्र जोडलं तेव्हा सुटलं. पित्तखड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, माझी पॉलिसी सहा वर्षांची होती म्हणून वाचले. आणि २०२४ पासून विमा नियामकाचा नियम आहे की पहिली मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची. आम्ही सकाळी दहाला बिल पाठवलं ते संध्याकाळी साडेसहाला घरी. नवऱ्याने हॉस्पिटलच्या विम्याच्या टेबलावर मोबाईलवर नियम उघडून दाखवला, त्यांनी वाचला आणि बसा म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आत्तेसासूबाई आल्या, त्यांचं हेच ऑपरेशन ८६ साली झालेलं, बरगडीखाली वीतभर व्रण. मलाही दाखवला, धीर द्यायला म्हणून! तिथला निवासी डॉक्टर म्हणाला, आजी, तेव्हा आपल्याकडे हे दुर्बिणीचं नव्हतंच, पहिलं १९९० साली मुंबईत जे. जे.मध्ये डॉ. उडवाडियांनी केलं.

मला चार भोकं, एक बेंबीत. पोट दुखलं त्यापेक्षा खांदा जास्त दुखला, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पोटात गॅस भरून जागा करतात, तो थोडा मागे राहतो आणि त्याचं दुखणं खांद्यात जाणवतं. शेक आणि कॉरिडॉरमध्ये चालणं, दोन दिवसांत कमी झालं. खडे डबीत घालून दिले, ज्वारीच्या दाण्याएवढे, मी मोजले, सतरा.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले ते. स्टेंट. तो तात्पुरता असतो, काही आठवड्यांनी काढायचाच असतो, राहिला तर तुंबतो आणि इन्फेक्शन होतं. हॉस्पिटलमधून मला एकही फोन आला नाही. डिस्चार्ज कार्डाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ होती, ती नवऱ्याने विम्याच्या झेरॉक्स काढताना वाचली म्हणून. नाहीतर मी खडखडीत बरी, कशाला जाते? पाचव्या आठवड्यात गेलो, परत तोंडातून दुर्बीण, ॲडमिट नाही, दहा मिनिटांत स्टेंट बाहेर, दुपारी मऊ भात खाल्ला. तुमच्या घरात कोणाचं झालं असेल तर त्यांचं कार्ड आज काढून बघा.

खाण्याचं म्हणाल तर पहिला महिना तूप-तेल कमी, नंतर हळूहळू सगळं. परवा मिसळ खाल्ली, दुखलं नाही, पण ऑफिसातून तीनदा उठावं लागलं. तर्री अजून थोडे दिवस नको.